मंदाताईंचा चहा आणि राजूरचा सर्व्हर

सर्व्हरच्या कामाला गेलो की मी माणसांना काही विचारत नसे. ती खोड राजूरच्या दूध संकलन केंद्रात मोडली.

तिथलं कॉम्प्युटरचं काम बघणाऱ्या मंदाताई दोन दिवस माहेरी गेल्या आणि दूध घालणाऱ्यांना लिटरचे मेसेज जायचे बंद झाले. मी सावेडीहून एसटीने पोचलो. बघतो तर मेसेज पाठवणारी सर्व्हिस, म्हणजे सर्व्हरवरचा तो प्रोग्रॅम, 'मॅन्युअल'वर! लाईट जाऊन आली की कुणीतरी ती हाताने चालू करायची. मी ती 'ऑटोमॅटिक' केली आणि ऐटीत परत आलो.

ताई कामावर आल्या त्या सकाळीच त्यांचा फोन.

"सर, तुमी सेटिंगला हात लावला व्हय?"

"हो. आता आपोआप चालू होईल."

"झाली की! दूध घालून झालं, लाईट जाऊन आली, अन् सगळ्यांना शून्य लिटरचा मेसेज गेला. किटल्या घेऊन समदे दारात उभे हायेत."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दुधाच्या नोंदी असलेला डेटाबेस उठायला वेळ लावायचा. मेसेजची सर्व्हिस त्याच्या आधी चालू झाली, की तिला नोंद सापडायचीच नाही आणि ती शून्य लिटर कळवायची.

"मग तुम्ही काय करायचात, ताई?"

"लाईट आली की आधी चहा टाकायचे. चहा पिऊन झाला की मगच ती चालू करायचे. तवर आतलं सगळं जागं हुतंय."

राजूरहून निघताना जोडून ठेवलेल्या रिमोट कनेक्शनवरून मी सर्व्हिस उशिरा सुरू व्हायची सेटिंग उघडली. "किती मिनिटं ठेवू?"

ताईंनी जरा विचार केला.

"आल्याचा चहा धरा, सर. साधा लई लवकर हुतो."