तिसऱ्या खांबात काय होतं

...नाही, पण मला सांगा, आमच्या खात्याला कट जमेल? अहो, आमच्या ऑफिसात माणसं अकरा आणि शिडी एक, त्या शिडीच्या कुलपाची किल्ली ज्याच्याकडे तो रजेवर, आणि तो रजेवर आहे हे त्याच्या शेजारच्या टेबलाला चार दिवसांनी कळतं. अशी आम्ही मंडळी म्हणे कालव्यावरच्या पादचारी पुलात लोकांचं बोलणं ऐकायचं यंत्र बसवणार, तेही गुपचूप. कट कसला डोंबलाचा. पण हे माझ्या सासऱ्यांना कोण सांगणार?

सासरे म्हणजे जुने घड्याळजी. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून तिळाएवढे स्क्रू शोधले, आता दुकान बंद केलं, भिंग सुटलं, शोधायची खोड काही सुटली नाही. परवा मला म्हणतात, "जावईबापू, वर्षात तीनदा पूल रंगवला. माणूस स्वतःचं घर दहा वर्षं रंगवत नाही. आणि तिसऱ्या खांबाला एक हात जास्तच. आत काय दडवलंय?" मी म्हटलं, "मामा, पूल आमच्याच विभागाकडे आहे, पाहणी या महिन्यापासून माझ्याकडेच आली आहे, आत काही नाही." तर हसले. डॉक्टर रोग्याला धीर देताना हसतो ना, तसे. "तुम्ही पडलात खालचे. खालच्यांना सांगतात होय?"

आता हे मनाला लागतं हो. मी दुपारी डबा खाल्ला, हातोडी घेतली आणि गेलो. म्हटलं, ठोकून बघतो आणि एकदाचं यांचं तोंड बंद करतो. पहिला खांब, टण. दुसरा खांब, टण. तिसरा... ठब्ब. पुन्हा मारली, ठब्ब. आणि रंगाचा हा एवढा पोपडा माझ्या बुटावर पडला, आत भेग, मी बोट घातलं तर दुसऱ्या पेरापर्यंत गेलं, आणि बाहेर काढलं तर तांबूस, कारण आतले गज गंजून त्यांची पूड झालेली. आणि डोक्यावरून माणसं चाललेली, पायांचा आवाज येतोय, आणि त्यातच सकाळ-संध्याकाळ माझी बायको, पलीकडच्या दवाखान्यात नर्स आहे ती.

पळत साहेबांकडे. साहेब शांत. म्हणाले, "भेग लिहू नका. भेग म्हटलं की लोक घाबरतात. 'पृष्ठभागावरील रेषा' लिहा." मी लिहिलं. मोठे साहेब म्हणाले, "रेषा कशाला, 'किरकोळ दुरुस्ती' म्हणा." आणि त्यांच्या वरच्या टेबलावर त्याचं झालं 'रंगकाम आवश्यक'. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की पूल तीनदा का रंगवला. माझ्या आधी तिघांनी बोट घातलं होतं हो त्या भेगेत. कुणी खोटं बोललं? नाही. कुणी बैठक घेतली, दारं लावून कुजबुजलं? नाही. प्रत्येकाने एकेक शब्द जरा मऊ केला, बस्स. कट कसला डोंबलाचा, कटाला निदान कुणीतरी ठरवावं लागतं, इथे कुणी काहीच न ठरवता सगळं झाकलं गेलं, आणि त्यात मीही एक रेषा ओढून आलो.

बायकोला म्हटलं, "उद्यापासून रस्त्याच्या पुलावरून जा." तिने विचारलं, "का?" आता काय सांगू? सांगितलं तर ती दवाखानाभर सांगणार, आणि नोकरी माझी जाणार. म्हटलं, "चालणं चांगलं असतं." ती माझ्याकडे बघतच राहिली. "अहो, तुम्ही माझ्यापासून काहीतरी लपवताय." बघा. म्हणजे घरातलं सरकार मीच. चार दिवस मी डबा न उघडताच दुपारी कालव्याकाठी उभा राहून पुलावरची डोकी मोजायचो, आणि बायको? मुद्दाम त्याच पुलावरून.

पाचव्या दिवशी सासऱ्यांना गाठलं. "मामा, तिसऱ्या खांबात काहीतरी आहे." एवढंच बोललो. यंत्र आहे म्हणालो नाही, नाही असंही म्हणालो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पन्नास माणसं. कुठे? पुलावर, अगदी तिसऱ्या खांबाच्या डोक्यावर, 'यंत्र दाखवा' म्हणत सतरंज्या टाकून. हात जोडून म्हटलं, "मामा, खाली बसा, कालव्याकाठी सावली आहे." सासरे म्हणाले, "का? आम्हाला खाली उतरवून यंत्र हलवायचंय?" मागून दोघं म्हणाले, "खात्याचा माणूस आहे, त्याचं ऐकू नका." आणि आणखी वीस जणांना फोन करून बोलावलं. मी खाली खांबाला पाठ टेकून उभा राहिलो. का ते विचारू नका. मी पेललं असतं थोडंच?

मोठे साहेब आले, वार्ताहरही आले. साहेब म्हणाले, "यंत्रबिंत्र काही नाही, आत्ता फोडून दाखवतो." मी कानाशी जाऊन म्हटलं, "साहेब, आधी माणसं उतरवा." फोडताना बघायला मिळेल म्हटल्यावर माणसं आपणहून उतरली, बरं का, धावत. गवंड्याने एकच घाव घातला आणि टोपलीभर काँक्रीट खाली आलं, मागे गंजाची पूड भुरुभुरु. साहेबांचा चेहरा चुन्यासारखा. पाव तासात पूल बंद, तीन महिन्यांत नवा खांब. बायको त्या संध्याकाळी माझ्याशेजारी येऊन बसली, म्हणाली, "सांगायचं होतंत." मी म्हटलं, "हो." दुसरं काय म्हणणार?

पुढे खात्याचं निवेदन आलं : नियोजित देखभालीसाठी पूल बंद ठेवला, कोणतीही भेग आढळली नाही. मी ते तसंच सासऱ्यांपुढे धरलं, म्हटलं, "मामा, याला म्हणतात झाकणं, तुमच्या डोळ्यांदेखत भेग निघाली आणि हे बघा काय लिहितात." त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं, घडी घालून परत दिलं. "बरोबर आहे. भेगबीग काही नव्हतंच, जावईबापू. यंत्र काढून नेलं, आणि मागे गंज भुरभुरला तुम्हाला फसवायला."

तर तुम्हाला सांगतो, पंचवीस वर्षांत माझ्या सासऱ्यांचं आणि सरकारचं या एकाच गोष्टीवर एकमत झालं, की मी जिच्यात बोट घातलं ती भेग तिथे नव्हतीच.