ओट्यावरचा गोल डाग

तैवानमधल्या ह्वालिएनच्या बसथांब्यावर बस आली आणि गेली, पण युएशिया चढलीच नाही. शेजारच्या दोन बायकांची गोष्ट अर्धी राहिली होती.

"सुनेच्या ओट्यावर डाग पडला म्हणे, छुनजिआओताई?"

"पांढऱ्याशुभ्र संगमरवरावर! सून म्हणे, आई, तुमच्या व्हिनेगरच्या बाटलीनं दगड खाल्ला. त्या दिवसापासून मला स्वयंपाकघर बंद."

"तुला? तीस वर्षं दगडाच्या कारखान्यात पॉलिश केलंस तू!"

"तेच तर! परवा मुलगा म्हणाला, नवा दगड बसवू. मी म्हटलं, आधी मला बघू तर दे. डाग कसा होता माहितीये?"

"कसा?"

"गोल, बांगडीसारखा. आणि माझी बाटली चौकोनी!"

"अगंबाई! मग?"

"सूनबाई बारीक व्हायला रोज लिंबूपाणी पिते. लिंबू काय, व्हिनेगर काय, संगमरवराला दोन्ही सारखीच. तिचा ग्लास उचलला आणि डागावर ठेवला. झाकण बसावं तसा बसला."

"काय बोललीस तिला?"

"पॉलिशची पूड आणली, ओलं फडकं तिच्या हातात दिलं. म्हटलं, घास, मी सांगते तसं. दोन तासांत दगड आरशासारखा!"

"आता ग्लास कुठे ठेवते?"

"बशीवर. आणि काल रात्री स्वयंपाक कोणी केला, विचार."

"कोणी?"

"मी! व्हिनेगरची बाटली ओट्याच्या ऐन मधोमध ठेवून. बशीवर, अर्थात."