घरचा काटा

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील पाहुणे, आज निवृत्त होणारे आमच्या वजनकाट्याचे प्रमुख, ज्यांना सगळा महामार्ग टनसाहेब म्हणतो, आणि समोर बसलेले गाडीमालक, चालक व आप्तजन,

मघाशी स्वागत करताना मी म्हणाले की ट्रकमध्ये किती माल चालेल हे टनसाहेब ठरवतात. ते चुकलं. ते सरकार ठरवतं, गाडीला एक्सल किती, चाकं किती हे बघून. साहेब फक्त वजन करतात. टाळ्या पडलेलं वाक्य मागे घेणं बरं दिसत नाही. पण त्यातली सर्वांत मोठी टाळी माझ्या मामांची होती. साहेबांनंतर काटा माझ्याकडे येतोय आणि मामांचा दगडाचा ट्रक रोज तिथूनच जातो.

या गैरसमजापायी साहेबांनी काय कमी ऐकलं? एक चालक दर खेपेला म्हणायचा, "साहेब, मर्यादा जरा सैल करा की." साहेब म्हणायचे, "मी शिंपी आहे का?" दुसरा म्हणाला, "गाडी जड नाही हो, तुमचा काटाच हळवा आहे." साहेब म्हणाले, "काटा नाही, पुढचा पूल हळवा आहे."

खरं तर वजनाचे पहिले धडे मला मामांनीच दिले. त्यांच्या केबिनमध्ये बसून मी येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांची चाकं मोजायला शिकले. टायर दबलेला दिसला की माल जास्त, हेही त्यांनीच दाखवलं. आपल्या गाडीचे टायर मात्र कधी दाखवले नाहीत.

माझी नेमणूक कळताच त्यांनी आईला फोन केला, "ताई, काटा आता घरचाच झाला."

आई म्हणाली, "अरे, घरचा जास्त टोचतो."

मामा हसले. मला मात्र घोर लागला. मी साहेबांना विचारलं, "मामांनी बोलणं टाकलं तर?"

ते म्हणाले, "माझे मेहुणे केव्हाचे बोलत नाहीत. घरात फार शांतता आहे."

साहेब, या धीराबद्दल तुमचे आभार. अध्यक्षांनी मला दोनदा बोलू दिलं, त्यांचेही. बोलण्यात काही जास्तीचं भरलं गेलं असेल, तर ते इथेच उतरवून ठेवा आणि मला मोकळ्या मनाने पुढे जाऊ द्या.

मामा, तुम्हीही जास्तीचा दगड खाणीतच उतरवून या. तुमची गाडी मी काट्यावर घेणार आहे, येत्या सोमवारी, एक तारखेला.