बालबागेतला मधला ताटवा

सन्माननीय अध्यक्ष महाराज, मंचावरील थोर पाहुणे, बालबाग समितीतील सहकारी, आणि लेकरांना मांडीवर घेऊन बसलेल्या अंजनगावकर माता-भगिनींनो,

आज खुशालराव माळी बागेचं काम सोडून बार्शीटाकळीला मुलीकडे राहायला निघाले आहेत. त्यांच्या गौरवासाठी समितीनं चिटणीस म्हणून मला उभं केलं. माणूस चुकीचा निवडला, हे आधीच सांगतो. या बागेत त्यांना सर्वांत जास्त त्रास मीच दिला.

पाच वर्षांपूर्वी मुलांसाठी बाग करायचं ठरलं. खुशालरावांच्या मळ्यालगतची पडीक जागा मी निवडली, नकाशा काढला आणि बरोबर मध्यभागी झोपाळे दाखवले. काय ऐट होती मला त्या नकाशाची! खांब रोवायच्या दिवशी खुशालराव म्हणाले, "तिथं नोका खांदू, साहेब." काहून, म्हटलं, तर कुदळ बाजूला ठेवली. मी चारचौघांत त्यांना कामचुकार म्हटलं, दुसरे मजूर आणले. तेव्हा हा साठीचा गृहस्थ आखलेल्या चौकोनात मांडी घालून बसला.

मजूर गेल्यावर बोलले. मानमोडीच्या तापाची साथ आली, त्या साली घरोघर माणसं आडवी होती. दात न आलेली लेकरं आपल्याकडे जाळत नाहीत, पुरतात. पण पुरायला उठणार कोण? खुशालरावांनी एकेक उचलून तिथं नेली. कुठलं कोणाचं, हे नेणाऱ्यानं सांगू नये आणि आईबापानं विचारू नये, अशी रीत. मीही तेव्हा तापात बेशुद्ध होतो. उठलो तेव्हा पाळणा रिकामा होता. चार महिन्यांची होती आमची.

क्षमा करा मंडळी, घोटभर पाणी पितो.

झोपाळे निंबाखाली गेले, मध्ये शेवंतीचा ताटवा झाला. मुलं त्याच्याभोवती पळतात, आत पाय टाकत नाहीत. कोणी सांगितलं त्यांना? आज ती नऊ वर्षांची असती. संध्याकाळी झोपाळ्यावरच्या पोरी मी मोजतो, एखादी जास्त भरते का म्हणून. हसू नका, खरंच मोजतो, आणि मोजताना भीती वाटते.

काल मी रीत मोडली. खुशालरावांचे पाय धरले. म्हटलं, तुम्ही गेल्यावर कोणालाच ठाऊक राहणार नाही, माझी कुठली तेवढं दाखवा.

"तुमाले दाखवली तं बाकीच्या मायायले काय सांगू, साहेब?" त्यांनी हातातली झारी माझ्याकडे दिली. "सगळ्यायलेच पानी घाला."

म्हणून अध्यक्ष महाराज, नव्या माळ्याकडे बाकी बाग सोपवा, तो ताटवा माझ्याकडे असू द्या.

आपण शांतपणे ऐकलंत, ऋणी आहे. बोलण्यात उणंअधिक झालं असेल ते सभेनं पोटात घालावं. कामचुकार म्हटल्याची माफी मात्र, खुशालराव, तुमच्याकडेच मागतो. आणि माता-भगिनींनो, ज्यांची लेकरं त्या साली गेली, त्यांनी उद्या सकाळी बागेत यावं. आपलं कुठलं, हे विचारायचं नाही. झारी एकच आहे, आळीपाळीनं घेऊ.