इंद्रभान सर आणि ई-क्लासवरचा मोह

आजच्या सेवानिवृत्ती सोहळ्याचे अध्यक्ष, माजी सरपंच आदरणीय जगदेवराव, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती इंद्रभान सर आणि मांडवात घामानं निथळत बसलेल्या माझ्या मायबहिणींनो, भावांनो, सर्वांना माझा सविनय जय भीम, नमस्कार.

मी धम्मदीपा, सरांची विद्यार्थिनी, आता ग्रामपंचायत सदस्य. सरांनी आम्हाला नागरिकशास्त्र शिकवलं. कसं? वर्गातून उठवून थेट ई-क्लासवर, म्हणजे आपल्या गावाच्या चराईच्या जमिनीवर नेऊन! तिथल्या मोहाच्या झाडाखाली बसवून संविधानातली कर्तव्यं वाचली, वनांचं रक्षण, प्राणिमात्रांवर दया. मग विचारलं, "हे झाड कोनाचं वं?" मी म्हटलं, सरकारचं. "अवं, सरकार कोन? तूच ना! मंग तुहं नाही काय? तुह्या म्हशीचं नाही काय?" बुद्धाची करुणा आणि हे कर्तव्य, सरांच्या लेखी एकच गोष्ट होती.

गेल्या उन्हाळ्यात कुऱ्हाडी आल्या. कोणी पाठवल्या ते व्यासपीठाचा मान राखून बोलत नाही. सरांनी मोहाला मिठी मारली. कुऱ्हाड घालणाऱ्यानं घाव आवरला नाही. सरांचं मनगट तुटून लोंबलं, बुंधा रक्तानं भिजला. मी धोंडा उचलून त्या माणसाचा जबडा फोडला. दुसरा उचलला, तर सर तशातही ओरडले, "थांब! प्राणिमात्रात तोबी येते!" सर, राग मानू नका, तो धोंडा मले अजूनबी बरोबरच वाटते.

सरांचा हात गेला, पण मोह वाचला. तेव्हापासून आपण पाळीपाळीनं राखण...

माफ करा, रूपाचा फोन आहे. म्हशी घेऊन ती ई-क्लासवरच आहे. हां, बोल वं... मशीन? किती माणसं?

ऐकलं का मंडळी? ई-क्लासवर मशीन लागली. मोह पाडून राह्यले. आता समजलं, जगदेवरावांनी गावाला चूलबंद आमंत्रण काहून दिलं! चूलबंद म्हटलं की कोनाच्याच घरी चूल पेटत नाही, घरी कोणी थांबत नाही. राखणदारबी पंगतीसाठी उठून आले. किती येडे आमी!

बसा जगदेवराव, शाल राहू द्या.

मांडव घातला, स्वयंपाक केला, त्या हातांचे आभार. भाषण अर्धवट सोडते, बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. पंगत मागून बसेल. उठा सगळे!

सर! अहो सर, एकटे नोका जाऊ!