कपाळापर्यंत

(बालीतलं उबुदजवळचं गाव. आईच्या घराच्या ओसरीवर थोरली बहीण रेंपिनी धाकट्या सुआर्जनाचा उजवा खांदा खोबरेल लावून चोळते आहे. आत आईचा मृतदेह.)

रेंपिनी : बोल, आता कुठवर जातो हात?

सुआर्जना : ओढू नकोस, ताई. श्वास सोडला की खांदा आपणहून सुटतो.

रेंपिनी : पाच दिवस सुटतोय. छातीच्या वर काही येत नाही.

सुआर्जना : मी योगाच्या वर्गात परदेशी पाहुण्यांना यासाठी सहा महिने देतो. आधी काठी धरून हात डोक्यावरून मागे न्यायचे. मग भिंतीला पाठ लावून वर सरकवायचे. मग खुबे. सांधे मोकळे झाल्याशिवाय हातांवर तोलायला देत नाही कुणाला.

रेंपिनी : मग आईला सांगते, सहा महिने थांब म्हणून. परवा दहन आहे तुझं.

सुआर्जना : माझं?

रेंपिनी : तिचं. पण माणसं बघणार तुलाच. छातीपाशी हात जोडले की तो स्कूटर दुरुस्त करणाऱ्याला केलेला नमस्कार. आईला कपाळापर्यंत न्यावे लागतात. पुरोहितांना विचारून आले मी.

सुआर्जना : काय म्हणाले?

रेंपिनी : आधी म्हणाले, योगाचा मास्तर आणि हात वर होत नाही? मग बराच वेळ हसले. मग म्हणाले, मन असलं की पोचतं. मी फाटकाशी आले तेव्हा मागून म्हणाले, तरी कपाळापर्यंत न्यायला सांग.

सुआर्जना : दाब. जोरात दाब.

रेंपिनी : गावकरीही येऊन गेले. आईला दहनाला न्यायचा मनोरा उंच झालाय, चौकातल्या तारा काढाव्या लागतील. त्यांनी विचारलं, आधी तारा काढू की तुझा भाऊ?

सुआर्जना : चौकातला माझ्या फोटोचा फलक? वृश्चिकासन आहे ते.

रेंपिनी : असेल. पण पाय वर आहेत. आईला घरची वाट सापडू नये म्हणून चौकात मनोरा तीनदा गरागरा फिरवणार. म्हणजे तीनदा तिला तुझ्या तळपायांखालून नेणार.

सुआर्जना : काढायला सांग.

रेंपिनी : सकाळीच काढला. डुकरांच्या छपरावर टाकलाय. उलटा टाकला, म्हणजे तिथे तरी पायांवर उभा दिसतोस. चल, मांडी घाल.

सुआर्जना : खुब्यात कळ येते. त्याच बाजूवर पडलो.

रेंपिनी : कसा पडलास, ते अजून सांगितलं नाहीस.

सुआर्जना : वर्गात पडलो.

रेंपिनी : वर्ग सकाळी असतो. मी फोन केले दुपारी. तीन वेळा.

सुआर्जना : नव्या फलकासाठी फोटो काढत होते. फोन समोरच होता, ताई. तुझं नाव उलटं दिसत होतं.

रेंपिनी : दिसत होतं ना?

सुआर्जना : हात मोकळे नव्हते.

रेंपिनी : पहिल्या फोनला ती तुझं नाव घेत होती. दुसऱ्याला नुसते ओठ हलत होते.

सुआर्जना : तिसरा वाजला तेव्हा एक हात सोडून घ्यायला गेलो. अंगही मोकळं केलं नव्हतं आधी. सगळ्यांना सांगतो, स्वतः करत नाही. फोटोवाल्याने घड्याळ लावलं होतं. चार मिनिटं. इतका वेळ मी याआधी कधी टिकलो नव्हतो.

रेंपिनी : घातलीस मांडी?

सुआर्जना : घातली.

रेंपिनी : जोड हात. छातीपाशी. वर नेऊ नकोस. तुझ्या त्या बगळ्याच्या आसनात पाय जमिनीवरून सुटतात कसे?

सुआर्जना : पाय उचलायचे नसतात. डोकं पुढे न्यायचं. ते जड असतं, बाकीचं मागून येतं.

रेंपिनी : मग ने.

सुआर्जना : एवढं?

रेंपिनी : अजून. बोटांना कपाळ लागलं?

सुआर्जना : लागलं.

रेंपिनी : राहा तसाच. चार मिनिटं.