टक् न वाजलेले इंजेक्शन

सिस्को ओर्वोक्की हापानिएमी, आज माझे पहिले संबोधन तुला. तो मान अध्यक्षांचा, हे मी जाणतो. पण इथे बोलायला मला तूच उभे केले असतेस आणि मी आढेवेढे घेतले असते.

ग्रामपरिषदेचे माननीय अध्यक्ष श्री. वार्तिआला, आदरणीय पाद्री महोदय, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या औषधालयाच्या मालक तेल्लेर्वो लाम्पिनेन, आणि कॉफीचा दुसरा कप हाती घेऊन बसलेल्या ग्रामस्थहो,

बाईंच्या एकतीस वर्षांच्या सेवेचा आढावा आधीच्या वक्त्यांनी घेतलाच आहे. मी फक्त एका संध्याकाळबद्दल बोलेन.

माझ्या पत्नीला, सिस्कोला, कर्करोग होता. त्यातच पायात रक्ताची गुठळी झाली. रक्त पातळ ठेवणारे इंजेक्शन मी तिला रोज सहाच्या ठोक्याला पोटावर देत असे. फिनलंडच्या औषधालयांत नेहमी विचारतात, “स्वस्त पर्यायी औषध चालेल?” मी दरवेळी ठामपणे नकार देई. शिक्षक माणूस, मूळ प्रत आणि नक्कल यांत फरक करणे अंगवळणी पडलेले!

गेल्या वर्षी युहान्नुसच्या, म्हणजे आपल्या ऐन उन्हाळ्यातल्या सणाच्या तोंडावर मूळ कंपनीचे इंजेक्शन कुठेच मिळेना. बाई म्हणाल्या, “हे पर्यायी आहे. औषध तेच, पण सुई झाकायची तऱ्हा निराळी. दोन मिनिटं थांबा, दाखवते.”

माझ्यामागे सात माणसे होती. मी म्हणालो, “तसदी नको. खोक्यातला कागद वाचीन.”

सभागृहातले किती जण वेगळे बोलले असते? रांग खोळंबवणे आपल्याकडे चोरीइतकेच लाजिरवाणे.

कागद मी दोनदा वाचला. सणाच्या संध्याकाळी इंजेक्शन दिले. जुन्याचे आवरण दट्ट्या पूर्ण दाबला की ‘टक्’ करून सुईवर येई. हे मात्र निमूट राहिले. औषध गेलेच नाही, असे मी ठरवले आणि दुसरी सिरिंज उघडली.

“थांब, तौनो,” सिस्को म्हणाली. “तेल्लेर्वोला फोन कर.”

“आज? सगळे सौनात वाफ घेत असतील.”

“मग बाहेर येईल ती. विरघळणार आहे का? पोट माझं आहे, लाज तुझी आहे. लाव फोन!”

फोनवर मी आधी सणाच्या शुभेच्छा दिल्या, मग व्यत्ययाबद्दल क्षमा मागितली. बाई म्हणाल्या, “हापानिएमी, मी टॉवेल गुंडाळून उभी आहे आणि डास चावतायत. मुद्द्यावर या.”

मुद्दा ऐकताच त्यांचा आवाज बदलला. “दुसरं टोचलंत का?”

“नाही. हातात आहे.”

“खाली ठेवा. पहिल्यात दट्ट्या तळाला टेकलाय? औषध शिल्लक दिसतंय?”

“टेकलाय. काही नाही.”

“मग सगळं आत गेलंय. याचं आवरण आवाज न करता सरकतं. तिची मूत्रपिंडं थकलेली आहेत. दुसरं दिलं असतंत, तर आतल्या आत रक्त वाहिलं असतं.”

अर्ध्या तासात त्या ओल्या केसांनी आमच्या दारात हजर! रिकामी सिरिंज तपासली, माझ्याकडून कृती तीनदा करवून घेतली. सिस्को हसून म्हणाली, “गुरुजी नापास झाले का गं?” “काठावर पास,” बाई म्हणाल्या.

त्यानंतर सिस्को दहा महिने माझ्यासोबत होती. शरद ऋतूत आम्ही लिंगोनबेरी वेचल्या. नाताळला तिने नातवाला विणकाम शिकवले. त्या अनोळखी नावाच्या इंजेक्शनाने आपले काम चोख केले. त्याला नक्कल म्हटल्याबद्दल मी जाहीर माफी मागतो.

एप्रिलमध्ये ती गेली. उरलेल्या अकरा सिरिंजा परत करायला मी औषधालयात गेलो. बाईंनी खोका घेतला आणि खुर्ची पुढे केली. मी उठायची घाई केली नाही. बंद करायची वेळ टळून गेली, तरी त्यांनी घड्याळाकडे पाहिले नाही. तिच्याविषयी मी त्या दिवशी प्रथमच बोललो.

तेल्लेर्वोबाई, त्या दहा महिन्यांसाठी आणि त्या खुर्चीसाठी मी आपला ऋणी आहे. बोलण्यात काही उणेअधिक झाले असल्यास सभेने पदरात घ्यावे. ग्रामपरिषदेने साक्षीदार म्हणून माझ्यावर सोपवलेली नोंद वाचून थांबतो: आज दुपारी चार वाजता शेवटच्या ग्राहकाला औषध पूर्ण समजावून झाल्यावर तेल्लेर्वो लाम्पिनेन यांनी औषधालयाच्या दाराला कुलूप लावले आणि जागेच्या किल्ल्या ग्रामपरिषदेला परत केल्या.